कुंपणानेच शेत खाल्ले. पण कुंपण लावले कोणी?

१० मे २०२२ रोजी लिओनिद माकारोविच क्रावचुक यांचे म्युनिक शहरात वयाच्या ८८ व्या वर्षी निधन झाले. आठवड्याभराने, १७ मे रोजी, कीवमध्ये शासकीय इतमामाने त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला. युद्धाच्या धुमश्चक्रीतही जगभरच्या भांडवली वर्तमानपत्रांनी त्यांच्यासाठी जागा काढली. स्वतंत्र युक्रेनचे पहिले राष्ट्राध्यक्ष, सोव्हिएत संघाच्या विसर्जनपत्रावर सही करणारे मुत्सद्दी, अण्वस्त्रांचा त्याग करणारे शांतताप्रेमी अशी विशेषणांची खैरात झाली. या गृहस्थांनी त्याआधी ३३ वर्षे कम्युनिस्ट पक्षाचे सभासदत्व भोगले आणि त्यांतील वीसाहून अधिक वर्षे युक्रेनच्या पक्षाच्या केंद्रीय समितीच्या कचेरीत काढली, ही गोष्ट बहुतेक मृत्युलेखांत एका वाक्यात उरकण्यात आली. जणू तरुणपणी झालेली एखादी गोवर-कांजिण्यांची बाधा.

दुसऱ्या बाजूला कम्युनिस्ट वर्तुळांतही त्यांचा निकाल एका शब्दात लावण्याची रीत आहे: गद्दार. शिबिरात एखादा तरुण कार्यकर्ता विचारतो की, एवढा बलाढ्य पक्ष तीन-चार दिवसांत कसा कोसळला? त्यावर गोर्बाचेव्ह, येल्त्सिन, क्रावचुक ही तीन नावे घेतली जातात आणि पुढचा विषय सुरू होतो. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे निघाले, घर पडले. भांडवली मृत्युलेख आणि हे उत्तर यांच्यात वरवर पाहता आकाशपाताळाचे अंतर आहे. एकाला जो नायक वाटतो तो दुसऱ्याला खलनायक वाटतो. परंतु इतिहास एका माणसाच्या मनात घडतो, या समजुतीवर दोघांचेही एकमत आहे, आणि ही समजूत मार्क्सवाद्याला शोभणारी नाही. ही कारकीर्द तारखावार तपासली तर यांतले एकही उत्तर टिकत नाही.

क्रावचुक यांचा जन्म १० जानेवारी १९३४ चा, वोलिन प्रांतातील वेलिकी झितिन या खेड्यातला. हा प्रदेश त्या वेळी पोलंडच्या राज्यात होता. आज तो युक्रेनच्या रिव्ने जिल्ह्यात मोडतो. शेतकऱ्याचे घर, वडील १९४४ साली आघाडीवर मारले गेले. अशा घरातला मुलगा कीव विद्यापीठात राजकीय अर्थशास्त्र शिकतो, १९५८ मध्ये पदवीधर होतो आणि त्याच वर्षी पक्षात दाखल होतो, हे सोव्हिएत सत्तेचेच कर्तृत्व होते. पिल्सुद्स्कीच्या पोलंडमध्ये वोलिनच्या शेतकऱ्याच्या पोराला हे दार उघडले नसते. ते कबूल न करणारे मृत्युलेख अप्रामाणिक आहेत.

पुढचा प्रवास मात्र लक्ष देऊन पाहावा असा आहे. दोन वर्षे चेर्निव्त्सी येथील वित्तविषयक तंत्रशाळेत अध्यापन. १९६० पासून त्याच शहरातील पक्षशिक्षणाचे आणि मग जिल्हा समितीच्या प्रचार विभागाचे काम. १९६७ ते १९७० मॉस्कोत केंद्रीय समितीच्या सामाजिक शास्त्रांच्या अकादमीत संशोधन. १९७० पासून कीवमध्ये युक्रेनच्या केंद्रीय समितीचा प्रचार विभाग. १९८० मध्ये त्या विभागाचे प्रमुखपद. १९८८ मध्ये वैचारिक विभागाचे प्रमुखपद. १९८९ च्या ऑक्टोबरात वैचारिक आघाडीचे चिटणीसपद. १९९० च्या जूनमध्ये दुसरे चिटणीसपद. या यादीत कारखाना नाही, खाण नाही, संप नाही, तुरुंग नाही, सामुदायिक शेतीवरचा एक हंगामसुद्धा नाही. कामगारवर्गाची विचारसरणी शिकवणारा मनुष्य तीस वर्षे कामगारापर्यंत पोहोचतो तो व्याख्यानाच्या व्यासपीठावरून आणि परिपत्रकाच्या कागदावरून. त्यातही नवल असे की या यादीत नियमाला सोडून काहीच नाही. ही आदर्श कारकीर्द होती. अशीच माणसे वर जात.

वर जाण्यासाठी काय लागे? व्लादिमिर श्चेर्बित्स्की मे १९७२ पासून सप्टेंबर १९८९ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, युक्रेनच्या पक्षाचे पहिले चिटणीस होते. त्यांच्याआधीच्या पेत्रो शेलेस्त यांना हटवण्यात आले तेव्हा त्यांच्यावरील आक्षेपांत एक असा होता की, त्यांनी युक्रेनच्या इतिहासावर लिहिलेल्या पुस्तकात कसाकांचे कौतुक जास्त आणि वर्गविश्लेषण कमी आहे. त्या वर्षाच्या आरंभी युक्रेनमधील लेखक-बुद्धिवंतांची मोठी धरपकड झाली होती. श्चेर्बित्स्की यांच्या काळात पक्षाच्या जाहीर सभांची भाषा रशियन झाली. सोव्हिएत घटनेत प्रजासत्ताकांना फुटून निघण्याचा अधिकार छापलेला होता. पण त्याचा उल्लेख करणे हा गुन्हा होता.

हे अलंकारिक विधान नाही. लेव्को लुक्यानेंको नावाचा एक तरुण वकील होता. पक्षाचा सभासद, एके काळी पक्षाचाच प्रचारक. १९५९ च्या सुमारास त्याने काही सहकाऱ्यांसह ‘युक्रेनी कामगार-शेतकरी संघ’ या नावाचा एक गट काढला आणि एक मसुदा लिहिला. त्यातील भूमिका समाजवादाची होती, टीका नोकरशाहीवर होती आणि आधार १९३६ च्या घटनेच्या १७ व्या कलमाचा होता: घटनेनेच दिलेला विलग होण्याचा अधिकार शांततेच्या मार्गाने वापरावा. १९६१ मध्ये ल्विव येथील न्यायालयाने त्याला मृत्युदंड ठोठावला. पुढे तो पंधरा वर्षांच्या कैदेत बदलण्यात आला. शिक्षा भोगून बाहेर आल्यावर त्याला पुन्हा दहा वर्षे झाली. स्वतःच्या राज्याची घटना वाचली म्हणून फाशी सुनावणाऱ्या व्यवस्थेला समाजवादाची कायदेशीरता म्हणण्याचे धाडस कोणा कॉम्रेडने करू नये.

इवान ज्यूबा या समीक्षकाचे प्रकरण याहून बोलके आहे. १९६५ च्या अखेरीस त्याने ‘आंतरराष्ट्रीयवाद की रशियनीकरण?’ हा प्रदीर्घ निबंध लिहिला आणि तो चोरून परदेशी न धाडता आधी स्वतःच्याच पक्षनेतृत्वाकडे पाठवला. निबंधाची मांडणी नखशिखांत लेनिनवादी होती. आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत, डिसेंबर १९२२ मध्ये, लेनिनने राष्ट्रीयत्वांच्या प्रश्नावर जी टिपणे सांगून लिहवून घेतली, ज्यांत जुलूम करणाऱ्या मोठ्या राष्ट्राचा राष्ट्रवाद आणि जुलूम सोसणाऱ्या लहान राष्ट्राचा राष्ट्रवाद यांत भेद करण्याचे बजावले आहे, त्यांच्याच आधारे ज्यूबाने युक्रेनमधील शाळा, ग्रंथप्रकाशन, कचेऱ्या यांची हजेरी घेतली होती. त्यावर वादविवाद करता आला असता. आकडे चुकले असतील तर दाखवता आले असते. प्रत्यक्षात १९७२ मध्ये अटक झाली, पुढच्या वर्षी पाच वर्षांची शिक्षा झाली आणि चूक कबूल केल्याचे पत्र लिहून घेऊन सुटका झाली. लेनिनच्या वचनांनी युक्तिवाद करणाऱ्या माणसाला उत्तर देण्यासाठी लेनिनच्या पक्षाला पोलिसांची गरज पडली.

या खटल्यात क्रावचुक यांचा हात होता असे म्हणण्याचे कारण नाही. ते तेव्हा प्रचार विभागातील एक अधिकारी होते. प्रश्न त्या विभागाच्या कामाचा आहे. मार्क्सवादी चौकटीत राष्ट्रीय प्रश्न उपस्थित करणाऱ्यांची तोंडे बंद झाल्यावर तो प्रश्न संपला नाही; तो चर्चच्या आवारात, परदेशस्थांच्या नभोवाणीवर आणि अखेरीस उघड राष्ट्रवाद्यांच्या हाती गेला. आणि प्रचार विभागाचे अधिकारी दर पंधरवड्याला अहवाल लिहीत राहिले असावेत की सर्व जाती-जमातींची मैत्री अतूट आहे. त्याच काळात भारतात ‘सोव्हिएत देश’ची गुळगुळीत पाने चाळणाऱ्या मराठी वाचकापर्यंतही नेमके हेच चित्र पोहोचत होते: गव्हाची शेते, भरतकाम केलेले सदरे, हसऱ्या मुली. ते चित्र खोटेच होते असे नाही. ते अर्धे होते, आणि उरलेले अर्धे विचारण्याची सवय येथेही फारशी कोणी लावून घेतली नाही.

मग चेर्नोबिल आले. अपघाताच्या महिनाभर आधी, मार्च १९८६ मध्ये, ‘लितेरातुर्ना उक्राइना’ या लेखकांच्या पत्रात एका महिला पत्रकाराने त्याच प्रकल्पाच्या बांधकामातील निकृष्ट सामग्री आणि हलगर्जीपणा यांवर लेख लिहिला होता. तो छापला गेला हीच मोठी गोष्ट. त्याची दखल घेण्याचे काम कोणाचेच नव्हते. २६ एप्रिलच्या पहाटे चौथी भट्टी फुटली. मॉस्को दूरचित्रवाणीने त्रोटक बातमी दिली ती २८ तारखेच्या रात्री. आणि १ मे रोजी, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर भट्टी धुमसत असताना, कीवच्या ख्रेश्चातिक मार्गावर मे दिनाची मिरवणूक नेहमीप्रमाणे काढण्यात आली; लहान मुलांसह. कामगारांच्या सणाचा याहून मोठा अपमान कोणत्याही भांडवलदाराने केलेला नाही. प्रचार विभागाचे प्रमुख त्या वेळी क्रावचुक होते. मॉस्कोचा दबाव होता, श्चेर्बित्स्की स्वतः आपल्या नातवाला घेऊन हजर होते, हे सर्व मान्य केले तरी एक गोष्ट उरते: जनतेला काय सांगायचे हे ठरवणारा जो विभाग, त्याच्याकडून त्या दिवशी कोणी राजीनामा दिल्याची नोंद नाही.

१९३२–३३ च्या दुष्काळाचेही तसेच. लक्षावधी शेतकरी उपासमारीने मेले. ज्याच्या त्याच्या घरात आजी-आजोबांच्या तोंडी ही कथा होती आणि पन्नास वर्षे अधिकृत इतिहासात तिला जागा नव्हती. श्चेर्बित्स्की यांनी डिसेंबर १९८७ मधील भाषणात त्याचा पहिला ओझरता उल्लेख केला. जानेवारी १९९० मध्ये युक्रेनच्या केंद्रीय समितीने त्यावर ठराव केला आणि कागदपत्रांचा संग्रह छापण्यास मान्यता दिली. तोवर क्रावचुक वैचारिक चिटणीस झाले होते. या ठरावाचे श्रेय ते पुढे घेत, आणि थोडे द्यायलाही हरकत नाही. पण जो पक्ष आपल्या राजवटीतील घोर अन्याय स्वतः, वेळेवर, कारणांसह सांगत नाही, त्याला तो एक दिवस प्रतिपक्षाच्या तोंडून आरोपपत्र म्हणून ऐकावा लागतो. कॅनडातील आणि अमेरिकेतील स्थलांतरितांनी ते आरोपपत्र तयारच ठेवले होते. त्यात भर घालायला त्यांना कोणी अडवणारे नव्हते, कारण खरे सांगणारे येथे कोणी नव्हते.

सप्टेंबर १९८९ मध्ये ‘रूख’ या संघटनेची स्थापना-परिषद कीवमध्ये भरली. त्याआधी जुलैत डोनबासच्या खाणकामगारांनी संप केला होता. साबणापासून घरांपर्यंत मागण्या होत्या आणि कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात कामगारच पुतळ्यांसमोरच्या चौकात हेल्मेटे आपटीत बसले होते. पक्षाने या दोहोंपैकी कशाकडे आपले वैचारिक बळ वळवले? परिषदेकडे. क्रावचुक परिषदेला गेले, बोलले, त्यांना हुर्ये ऐकावे लागले. दूरचित्रवाणीवर त्यांनी तत्त्वज्ञ मिरोस्लाव पोपोविच यांच्याशी वाद केला. ते शांत, सफाईदार बोलत, घाम येऊ देत नसत. लाखो लोकांनी त्यांना प्रथम पाहिले ते ‘रूख’चा विरोधक म्हणून. प्रतिपक्षाची प्रत्येक दलील खोडता खोडता ती त्यांना तोंडपाठ झाली. दोन वर्षांनी तीच दलील त्यांच्या जाहीरनाम्यात आली. खाणकामगारांशी असा वाद करायला कोणी गेले नाही. तेथे लागणारी दलील प्रचार विभागाजवळ नव्हतीच.

त्यांच्याविषयी कीवमध्ये एक विनोद प्रचलित होता: क्रावचुकला छत्री लागत नाही, तो थेंबांमधून वाट काढतो. तो विनोद त्यांना आवडे, असे सांगतात. १९९० आणि १९९१ ही दोन वर्षे पाहिली की विनोद खरा वाटतो. पहिले चिटणीस इवाश्को जून १९९० मध्ये सर्वोच्च सोव्हिएतचे अध्यक्ष झाले आणि पाच-सहा आठवड्यांत ते पद टाकून मॉस्कोत गोर्बाचेव्हचे उप-सरचिटणीस व्हायला गेले. प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च पदापेक्षा मॉस्कोतील दुय्यम खुर्ची मोठी वाटावी, यात त्या काळचा सारा उतरंडीचा हिशेब आला. कीवमध्ये संतापाची लाट उठली. १६ जुलैला सार्वभौमत्वाची घोषणा ३५५ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाली आणि २३ जुलैला कम्युनिस्ट बहुमताने क्रावचुक यांना अध्यक्ष केले. पक्ष हुरेंको यांच्याकडे, सभागृह क्रावचुक यांच्याकडे. ऑक्टोबरात विद्यार्थ्यांनी कीवच्या मध्यवर्ती चौकात तंबू ठोकून उपोषण केले, तेव्हा बळी गेला तो पंतप्रधान मासोल यांचा. क्रावचुक कोरडेच राहिले.

१७ मार्च १९९१ च्या सार्वमतात युक्रेनच्या मतदारांपैकी ७० टक्क्यांनी नव्या स्वरूपात सोव्हिएत संघ टिकवण्याच्या बाजूने कौल दिला. त्याच मतपेटीत क्रावचुक यांच्या पुढाकाराने टाकलेल्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे सार्वभौमत्वाच्या घोषणेच्या पायावर संघात राहावे काय याला, ८० टक्क्यांनी होकार दिला. दोन्ही चिठ्ठ्या क्रावचुक यांच्या खिशात राहिल्या. जी चालेल ती काढायची.

१९ ऑगस्टला मॉस्कोत आणीबाणी समितीने सत्ता हाती घेतल्याचे जाहीर केले. जनरल वारेन्निकोव सकाळीच कीवमध्ये येऊन क्रावचुक आणि हुरेंको यांना भेटले. क्रावचुक यांनी युक्रेनमध्ये आणीबाणीची गरज नाही असे सांगितले. दूरचित्रवाणीवरून जनतेला शांत राहण्याचे, कामावर जाण्याचे आवाहन केले. बंडाचा निषेध केला नाही, पाठिंबाही दिला नाही. तीन दिवसांनी बंड फसले तेव्हा हा मनुष्य कोणत्या बाजूला होता हे सिद्ध करणे कोणालाच शक्य नव्हते. २४ ऑगस्टला सर्वोच्च सोव्हिएतने स्वातंत्र्याचा ठराव ३४६ मतांनी संमत केला. मसुदा लिहिणारा होता लेव्को लुक्यानेंको, १९६१ चा तोच मृत्युदंडाचा कैदी. अध्यक्षस्थानी होते क्रावचुक. आणि मते दिली ती कम्युनिस्ट बहुमताने. स्वतः हुरेंको यांनी आपल्या सदस्यांना बाजूने मत देण्यास सांगितले. येल्त्सिनचा हात आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी आपले राज्य आपल्याभोवती बंद करून घ्यावे, हा हिशेब त्यात उघड होता. ३० ऑगस्टला सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाने कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली. आदेशाखाली सही क्रावचुक यांची.

‘गद्दारी’च्या उत्तराने गप्प बसणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. १९९० च्या आरंभी युक्रेनच्या पक्षाचे सभासद तेहतीस लाखांच्या आसपास होते. एका माणसाच्या सहीने तेहतीस लाखांचा पक्ष बंद होतो आणि त्याच्या बचावासाठी एकाही औद्योगिक शहरात चाके थांबत नाहीत, तर गद्दार तेहतीस लाख होते असे म्हणायचे काय? कचेऱ्यांना सील लागत असताना ज्याने त्याने घरी जाऊन चहा घेतला. त्यांच्यापैकी बहुतेकांना त्या कचेरीत कशासाठी जायचे हेच कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. आदेश आला की हात वर करायचे, हे शिक्षण त्यांना मिळाले होते. हा आदेशही आदेशच होता. क्रावचुक यांनी पक्षाला फसवले असे म्हणण्यापेक्षा, पक्षयंत्रणेने ज्या कामासाठी त्यांना घडवले ते काम त्यांनी शेवटपर्यंत चोख केले असे म्हणणे अधिक रास्त: वरून वारा कोठून येतो ते ओळखणे आणि त्याप्रमाणे मजकूर लिहिणे. वारा बदलला, मजकूर बदलला, अक्षर तेच राहिले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. येथे सुंभ शाबूत होता, पीळ कधी नव्हताच.

भांडवली मृत्युलेखांचीही तीच गत. ‘शतकांचे स्वप्न’ हे त्यांचे आवडते सूत्र. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्याला मान्यता दिली; डोनेत्स्क आणि लुहान्स्क या खाणकामगारांच्या प्रदेशांतही जवळजवळ ८४ टक्के, क्राइमियात ५४ टक्के. शतकांचे स्वप्न असेल, तर तेच मतदार मार्चमध्ये काय झोपेत होते? नऊ महिन्यांत बदलले ते हे: मॉस्कोतील केंद्र कोसळले, दुकाने ओस पडली, आणि जर्मनीतील डॉइच बँकेच्या अहवालाचा हवाला देत सांगितले गेले की सर्व प्रजासत्ताकांत युक्रेन आर्थिकदृष्ट्या सर्वांत समर्थ आहे, स्वतंत्र झाला की सुखाचे दिवस येतील. डोनबासच्या खाणकामगाराने मत दिले ते पगाराला आणि भाकरीला. शिवाय त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. तुरुंग भोगलेले व्याचेस्लाव चोर्नोविल यांना २३ टक्के मते मिळाली. तुरुंगाबाहेरच्या प्रचार विभागाच्या माजी प्रमुखांना ६१ टक्के. गॅलिशियाचे तीन प्रांत सोडले तर सर्वत्र क्रावचुक. जनतेने क्रांती केली असे मृत्युलेख सांगतात. मतपत्रिका सांगते की तिने ओळखीचा साहेब निवडला.

आठवडाभराने, ८ डिसेंबरला, बेलारूसच्या जंगलातील विस्कुली येथील शिकारगृहात येल्त्सिन, क्रावचुक आणि शुश्केविच यांनी सोव्हिएत संघ अस्तित्वात नसल्याचे कागदावर लिहिले. तीन सह्या करणारे तिघेही दीड वर्षापूर्वीपर्यंत एकाच पक्षाची कार्डे खिशात बाळगून होते. मार्चचा कौल तेथे कोणी वाचून दाखवला नाही.

यानंतरची अडीच वर्षे मृत्युलेखांत ‘संक्रमणकाळ’ या सभ्य शब्दाखाली झाकली जातात. त्याचा अर्थ असा: १९९३ या एका वर्षात किमती शंभर पटींहून अधिक वाढल्या, महागाईचा दर दहा हजार टक्क्यांच्या वर गेला. जन्मभर राबलेल्या कामगाराची बचतबँकेतील पुंजी मातीमोल झाली. १९९४ मध्ये एका वर्षात राष्ट्रीय उत्पादन पाचव्या हिश्श्याहून अधिक घसरले. राज्याचा ध्वज बदलला होता, कारखान्याचा संचालक तोच होता. फरक इतकाच की पूर्वी तो कारखान्याचा कारभारी होता, आता मालक होण्याच्या तयारीत होता. जून १९९३ मध्ये डोनबासच्या खाणी पुन्हा बंद पडल्या. १९८९ मध्ये खाणकामगारांनी साबण मागितला होता. या वेळी त्यांनी राष्ट्राध्यक्ष आणि संसद यांच्यावरील विश्वासाचे सार्वमत मागितले. मुदतपूर्व निवडणुका त्यातूनच आल्या. परिस्थितीबद्दल विचारले की क्रावचुक यांचे ठरलेले उत्तर असे: आहे ते आहे. पुढे ते युक्रेनी भाषेत म्हण होऊन बसले. राजकीय अर्थशास्त्राच्या पदवीधराने देशाच्या अर्थव्यवस्थेवर केलेले हे सर्वांत प्रसिद्ध भाष्य.

१० जुलै १९९४ रोजी क्षेपणास्त्रांच्या कारखान्याचे माजी संचालक लिओनिद कुच्मा यांनी त्यांचा पराभव केला. गंमत अशी की १९९१ मध्ये ज्या ल्विवने क्रावचुक यांना झिडकारले होते, त्याच ल्विवने या वेळी त्यांना प्रचंड बहुमत दिले. आणि ज्या डोनबासने निवडले होते, त्याने पाठ फिरवली. बालपणी आपण वोलिनच्या जंगलातील बंडखोर सैनिकांना जेवण पोहोचवत होतो, अशी आठवण ते आता सांगू लागले होते. वीस वर्षे ज्या बंडखोरांविरुद्धचा मजकूर त्यांच्या विभागातून निघाला, ते हेच बंडखोर. इवान ज्यूबा त्यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात संस्कृतिमंत्री झाले. लेनिनचा आधार घेणारा तो निबंध मात्र आता कोणालाच नको होता. त्यातला ‘रशियनीकरण’ हा शब्द ठेवून ‘आंतरराष्ट्रीयवाद’ गाळण्यात आला.

उरलेली कारकीर्द थोडक्यात. कीवमधील बड्या उद्योगगटाशी जोडलेल्या, पण नाव ‘सामाजिक लोकशाहीवादी’ धारण करणाऱ्या पक्षाचे खासदार. मग त्या पक्षाच्या संसदीय गटाचे नेते. २०२० मध्ये डोनबासच्या प्रश्नावरील मिन्स्क वाटाघाटींत युक्रेनच्या शिष्टमंडळाचे प्रमुख. ज्या खाणकामगारांच्या मतांवर ते निवडून आले, त्यांच्या गावांवर तोफा चालू असताना वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांना पुन्हा बोलावण्यात आले. थेंबांमधून वाट काढण्याची कला तेथे उपयोगी पडली नाही.

‘गद्दारी’चे उत्तर देणाऱ्यांपैकी काही जण अलीकडे आणखी एक पाऊल पुढे जातात. सोव्हिएत संघ मोडणाऱ्यांना धडा शिकवणारा कोणी तरी निघाला, या भावनेने ते मॉस्कोच्या आजच्या सत्ताधीशांकडे पाहतात. त्यांनी २१ फेब्रुवारी २०२२ चे पुतिन यांचे भाषण मुळातून वाचावे. युक्रेन ही बोल्शेविकांची निर्मिती, लेनिन तिचा शिल्पकार, आणि प्रजासत्ताकांना विलग होण्याचा अधिकार देणे ही लेनिनची घोडचूक, असे त्यात स्पष्ट शब्दांत आहे. तीन दिवसांनी रणगाडे निघाले. म्हणजे ज्या कलमाचा आधार घेतला म्हणून लुक्यानेंकोला फाशी सुनावली गेली, ज्या टिपणांच्या आधारे लिहिले म्हणून ज्यूबाला तुरुंग मिळाला, त्याच लेनिनवर तोफखान्यासह हल्ला झाला. आणि त्याला जे टाळ्या वाजवतात ते क्रावचुकला लेनिनद्रोही म्हणतात! एकीकडे तेलसम्राटांचे सरकार, दुसरीकडे नाटोच्या शस्त्रांवर विसंबलेले सरकार. दोन्हीकडची सत्ता-संपत्ती ज्यांच्या हातात गेली त्यांच्या वंशावळी शोधल्या तर त्या एकाच कार्यालयाच्या दोन मजल्यांवर येऊन थांबतात. मरतो आहे तो डोनबासचा आणि वोलिनचा, र्‍याझानचा आणि बुर्यातियाचा कामगार-शेतकरी.

क्रावचुक यांनी सही केलेला १९९१ चा बंदीहुकूम घटनाबाह्य होता, असा निर्णय युक्रेनच्या घटना न्यायालयाने २७ डिसेंबर २००१ रोजी दिला. तोवर पक्ष १९९३ मध्ये नव्याने नोंदला गेला होता आणि संसदेत मोठा गट बाळगून होता. त्या दहा वर्षांत कचेऱ्या आणि छापखाने परत मिळाले नाहीत. शाखाही मिळाल्या नाहीत, आणि त्या मागण्याचा दावा कोणत्याही न्यायालयात दाखल करता येत नाही. २०१५ मध्ये नव्या कायद्याखाली पक्षावर पुन्हा बंदी आली. तिच्यावरील अपील ५ जुलै २०२२ रोजी ल्विवच्या न्यायालयात फेटाळले गेले आणि मालमत्ता सरकारजमा झाली. क्रावचुक यांना कीवच्या बायकोवे दफनभूमीत ठेवून तेव्हा सात आठवडे झाले होते.